आत्याबाईचं मत

काकांना आठवडाभराची रजा घेता यावी म्हणून आम्ही एक नवा सर्व्हर घेतला. कागदोपत्री कारण वेगळं होतं. आमची संस्था चालवणाऱ्या कमिटीला दिलेल्या अर्जात मी "सेवेतील अखंडता" वगैरे भारदस्त शब्द घातले होते आणि कमिटीने ते माना डोलावत मंजूरही केले. पण खरं कारण काकांची मुलगी होती. तिचं दुसरं बाळंतपण जवळ आलं होतं.

आमचं ऑफिस म्हणजे दोन खोल्या. पुढच्या खोलीत फोनची टेबलं, मागच्या खोलीत सर्व्हर, काका आणि मी. एकटी राहणारी म्हातारी माणसं गळ्यात आमचं बटण घालतात. पडलं, छातीत दुखलं, भीती वाटली, की दाबायचं. दाबलं की पुढच्या खोलीत वहिनीच्या स्क्रीनवर नाव येतं, घर येतं, किल्ली कोणाकडे आहे ते येतं आणि ती त्या माणसाशी बोलायला लागते. वहिनी कोणाची वहिनी आहे हे आम्हाला कोणालाच माहीत नाही, पण कमिटीच्या अध्यक्षांपासून झाडूवाल्यापर्यंत सगळे तिला वहिनीच म्हणतात. बटण दाबणाऱ्यांत एक आजोबा असे आहेत की त्यांना कधीच काही झालेलं नसतं. ते रोज सकाळी बटण दाबून विचारतात, बाहेर जाताना स्वेटर घालू का? वहिनी खिडकीतून बघून सांगते.

हे सगळं चालवणारा सर्व्हर आमचा स्वतःचा. मोठ्या कंपनीकडे भाड्याने ठेवा, असं बरेच जण सुचवून गेले. काकांनी कोणाचंच ऐकलं नाही. "कोणाच्या छातीत कधी दुखतं, कोणाच्या घराची किल्ली कुठे असते, ही माहिती परक्या घरी ठेवायची नसते," असं ते म्हणायचे. मला ते पटायचं. फक्त त्याची किंमत काका स्वतः मोजत होते, हे पटायचं नाही. सर्व्हर एक आणि त्याला उठवणारा माणूसही एकच. काका सिनेमाला गेले तरी खुर्ची दाराजवळची घ्यायचे.

तेव्हा मी दुसरा सर्व्हर आणला. पहिल्याला आम्ही थोरली म्हणायला लागलो, नव्या सर्व्हरला धाकटी. थोरली ऑफिसात, धाकटी नदीपलीकडच्या वाचनालयाच्या माडीवर. दोघी एकाच छताखाली ठेवल्या आणि छतच गळलं तर काय उपयोग? थोरली जे जे लिहील ते धाकटी त्याच क्षणी उतरवून घेते. शिवाय सारखी विचारत राहते, "आहेस का?" थोरली म्हणते, "आहे." अर्धा मिनिट उत्तर आलं नाही, की धाकटीने पदर खोचून काम हातात घ्यायचं.

इथवर सोपं आहे. पुढे मेख आहे. उत्तर आलं नाही म्हणजे थोरली मेली असं नसतं. कदाचित मधली तारच तुटली असेल आणि थोरली इकडे ठणठणीत काम करत असेल. तसं असताना धाकटीही मालकीण झाली, तर एका घरात दोन सासवा. अर्ध्या आजी-आजोबांची हाक हिच्याकडे, अर्ध्यांची तिच्याकडे, आणि दोघींच्या वह्यांचा मेळ नंतर ब्रह्मदेवालाही बसवता येणार नाही. म्हणून तिसरं कोणीतरी लागतं. त्याने काम काही करायचं नाही, फक्त दोघींवर नजर ठेवायची आणि वेळ आली की मत द्यायचं. तिघांपैकी दोघांचं म्हणणं जुळलं तरच सत्ता बदलते. डब्याएवढं एक यंत्र त्याला पुरतं, पण ते तिसऱ्या ठिकाणी हवं, तिसऱ्या लाइनीवर.

"माझ्या घरी ठेव," काका म्हणाले. "आमच्याकडची वीज सहसा जात नाही."

स्वतःच्या घरी बसून दोघींच्या भांडणात निकाल देणारी, म्हणून तिचं नाव मी आत्याबाई ठेवलं.

आत्याबाईला बसवायला मी काकांच्या घरी गेले, तेव्हा काकूंनी मला चहा दिला आणि समोरच्या दारातल्या मावशींशी ओळख करून दिली. मावशींकडे घराची जादा किल्ली असते आणि त्यांना सगळ्या जिन्यातलं सगळं माहीत असतं. त्या निघून गेल्यावर काकूंनी स्वयंपाकघराचं दार लोटलं.

"एक विचारू? हे तुझं यंत्र लागलं की यांना खरंच जाता येईल ना?"

"येईल की."

"फोन न घेता?"

मी हसले. काकू हसल्या नाहीत. मग त्यांनी इथेच झालेल्या पहिल्या बाळंतपणाची गोष्ट सांगितली. मुलगी आत होती आणि काका हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये फोनवर होते. इकडे सर्व्हर पडला होता आणि ते कोणाला तरी एकेक आज्ञा तोंडी सांगत होते. नर्स बाळाला दुपट्यात गुंडाळून घेऊन आली आणि आजोबा कोण म्हणाली. काकांनी फोन कानावरून न काढता तिला हाताचा पंजा दाखवला. एक मिनिट. नर्स थांबली, मग बाळाला काकूंच्या हातात देऊन गेली. तेवढ्यात मुलीची खाट वॉर्डात नेत होते, तिने ते पाहिलं.

"तेव्हा ती काही बोलली नाही," काकू म्हणाल्या. "आता म्हणते, बाबा, यायचं तर रिकाम्या हाताने या. फोन आणणार असाल तर येऊच नका. आणि तिचा स्वभाव यांच्यावर गेलाय. एकदा बोलली की बोलली."

मला काकांचा असा राग आला की चहा तसाच राहिला. आणि दुसऱ्या क्षणी त्यांची कीवही आली, कारण त्या दिवशी फोन ठेवला असता तर काय झालं असतं, ते मला चांगलं माहीत होतं. मी म्हटलं, "काकू, मी त्यांना रिकाम्या हाताने पाठवते की नाही बघाच."

सगळं लावून झाल्यावर परीक्षा घ्यायची होती. परीक्षा म्हणजे चालत्या थोरलीची वीज काढायची. हे ऐकून काकांचा चेहरा असा झाला, जणू मी कोणाचा तरी ऑक्सिजन काढायला निघाले आहे. "कागदावर बरोबर आहे ना सगळं? मग कशाला?" असं म्हणून त्यांनी पहिल्यांदा टाळलं, दुसऱ्यांदा पाठ दुखली, तिसऱ्यांदा अध्यक्ष येणार होते. शेवटी मी वहिनीला सांगून ठेवलं, प्लगवर हात ठेवला आणि म्हटलं, "काका, मी काढतेय."

काढला. पुढच्या खोलीतली स्क्रीन गेली आणि जरा वेळात परत आली. वहिनीने टाळ्या वाजवल्या. काका म्हणाले, "बघ! झालं की."

मला मात्र काहीतरी खुपत होतं. फार लवकर झालं होतं. धाकटी अर्धा मिनिट वाट बघणार, हे मीच तिला सांगून ठेवलं होतं. अर्धा मिनिट म्हणजे थोडा वेळ नाही, त्यात माणसाला घाम फुटतो. मला घाम फुटायच्या आत स्क्रीन परत आली कशी?

"काका, तुमचे हात कुठे होते?"

काका कीबोर्डकडे बघायला लागले. मीही बघितलं. धाकटीला "तू घे" असं सांगणारी आज्ञा त्यांनी स्वतः टाइप केली होती.

"मी केलं का हे?" ते म्हणाले. त्यांना खरंच कळलं नव्हतं. लाल दिवा दिसला की बोटं चालायची, इतकी वर्षं तेच केलेलं.

मी चिडले. त्याच दुपारी ती आज्ञा सगळ्यांच्याच हातातून काढून घेतली, माझ्यासुद्धा. आता कोणाला धाकटीवर जबरदस्ती करायची असेल, तर त्याने नदी ओलांडून वाचनालयात जावं, माडी चढावी आणि तिच्या समोर बसून काय ते करावं. बोटं शिवशिवली तरी शिवशिवू देत. दुसऱ्या परीक्षेला मी काकांना भरलेला चहाचा कप दोन्ही हातांत धरायला लावला. प्लग काढला. स्क्रीन गेली. काका कपाकडे बघत राहिले आणि चहा बशीत हिंदकळत राहिला. मग धाकटीने आत्याबाईला विचारलं, आत्याबाईने मत दिलं आणि स्क्रीन आपली आपण उजळली. काकांनी कप खाली ठेवला आणि बशीत सांडलेला चहा पिऊन टाकला. त्यांना आनंद झाला होता की वाईट वाटलं होतं, हे मला अजून ठरवता आलेलं नाही.

ते निघाले त्या सकाळी मी स्टेशनवर गेले होते. काकांनी फोन बंद करून माझ्या हातात दिला. "तुझ्याकडेच राहू दे. माझ्याजवळ असला तर मी चालू करीन." काकूंनी मला जावयांचा नंबर दिला आणि वर दम भरला, "आग लागली तरच लावायचा." मी कबूल केलं.

दोन दिवस काहीच झालं नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी काकूंचा जावयांच्या फोनवरून निरोप आला, मुलीला आत घेतलंय. मी वहिनीला सांगितलं, वहिनीने स्वेटरवाल्या आजोबांना सांगितलं, म्हणजे आता गावभर झालं असणार. आम्ही मजेत होतो.

मग मागच्या खोलीत काहीतरी फट् झालं आणि जळकट वास आला.

थोरलीचा पंखा थांबला होता, सगळे दिवे गेले होते. वीज घेणारा भागच जळाला होता. मी जवळजवळ खूश झाले. म्हटलं, आता बघा आमची धाकटी कशी उभी राहते. खुर्चीत टेकले आणि हाताची घडी घातली. अर्धा मिनिट गेला. आणखी एक गेला. पुढच्या खोलीतून वहिनीचा आवाज आला, "अगं, येत नाहीये!"

मी माझ्या लॅपटॉपवर धाकटीचा पडदा उघडला. ती जागी होती, सगळी माहिती तिच्याकडे होती, आणि ती एकच वाक्य परत परत लिहीत होती: आत्याबाई उत्तर देत नाही, माझं एकटीचं मत पुरेसं नाही, मी ताबा घेऊ शकत नाही.

आत्याबाईला काय झालं? आणि झालं तर मला कसं कळलं नाही? तिची तक्रार जायची कोणाकडे? काकांकडे. घर त्यांचं, म्हणून मीच तसं ठरवलं होतं. त्यांचा फोन माझ्या ड्रॉवरमध्ये बंद पडला होता. तो चालू केला, तर निघाले त्या दिवसापासूनचे निरोप धडाधड येऊन पडले. आत्याबाईकडची वीज गेली. आत्याबाई बॅटरीवर. बॅटरी संपत आली. आणि मग काहीच नाही.

वीज सहसा जात नाही म्हणाले होते. मग माझी ट्यूब पेटली. वीज गेली नव्हती. घरातून निघताना माणसं काय करतात? नळ बघतात, गॅस बघतात आणि मेन स्विच खाली करतात. काकांनी आयुष्यभर कधी गावाला जाताना हे केलं नव्हतं, कारण ते गावालाच जात नव्हते.

वहिनी दारात येऊन उभी होती. "काकांना लाव ना फोन!"

जावयांचा नंबर समोर होता. लावला असता तर काका लगेच काहीतरी सांगू शकले असते. कोणाला तरी घरी पाठवलं असतं, नाहीतर मला धीर तरी दिला असता. आणि कॉरिडॉरमध्ये पुन्हा फोन कानाला लावून उभे राहिले असते. इकडे गळ्यात बटण घातलेली म्हातारी माणसं होती, तिकडे ती मुलगी. नदी ओलांडून वाचनालयात जायला रिक्षा कितीही पळवली तरी वेळ लागणार होता. माझेच हात मीच बांधून ठेवले होते आणि मला स्वतःच्या शहाणपणाचा भयंकर राग आला.

"लाव ना!" वहिनी ओरडली.

"नाही," मी म्हटलं. "तू जे जास्त आजारी आहेत त्यांना आपणहून फोन करायला लाग. तुला नंबर पाठ आहेत." ती पळाली. मी मावशींना फोन लावला.

"कोण? तो डबा बसवायला आली होतीस ती?"

"हो, तीच. मावशी, काकांच्या घरात जाऊन मेन स्विच चालू कराल का? आत्ताच."

"मेन? अगं, ती जाताना मला दोनदा बजावून गेलीय. गॅस बंद, नळ बंद, मेन बंद. म्हणाली, बघा हं लक्ष ठेवून."

"माझी जबाबदारी, मावशी."

"जबाबदारी तू घेशील, बोलणी मी खाईन."

"मावशी, तुमच्या ओळखीचं कोणी गळ्यात बटण घालतं का?"

"माझी नणंद घालते."

"तिने आत्ता दाबलं तर कोणी उचलणार नाही."

चपलांचा आवाज आला, किल्लीचा आला, दार ढकलल्याचा आला. मग कुठे आहे, वर आहे, हात पोचत नाही, स्टूल आणते. स्टूल ओढल्याचा आवाज. मग एकदम घुरघुर.

"फ्रिज चालू झाला गं!"

"फ्रिज राहू दे. हॉलमध्ये टीव्हीच्या मागे डबा आहे. निळा दिवा लागला का?"

"हिरवा लागलाय."

"चालेल."

"मग निळा कशाला म्हणालीस? मला उगाच घाबरवलंस."

मी हसायला लागले, रडायलाही लागले असेन. धाकटीच्या पडद्यावर आत्याबाईने डोळे उघडले होते. धाकटीने विचारलं, थोरली दिसते का? आत्याबाई म्हणाली, मलाही नाही दिसत. दोन मतं झाली. आणि धाकटीने कोणा माणसाला न विचारता सगळं हातात घेतलं.

पुढच्या खोलीत एकदम तीन हाका आल्या. एक बाई गळ्यातून काढून ठेवलेल्या बटणावर बसली होती. एका आजींना खरोखर चक्कर आली होती. वहिनीने बोलता बोलता त्यांच्या शेजाऱ्याला किल्ली घेऊन पाठवलं आणि शेजारी पोचेपर्यंत आजींशी बोलत राहिली. आजी पलंगाला टेकून बसलेल्या सापडल्या. लागलं नव्हतं, पण उशीर का झाला म्हणून त्यांनी वहिनीला भरपूर झापलं, आणि वहिनीने ते आनंदाने ऐकून घेतलं. तिसरी हाक आजोबांची. "काय गं, मघाशी उचलत का नव्हतीस? मी स्वेटर घालून बसलोय आणि आता उकडतंय."

दुपारी थोरलीसाठी नवा भाग आला. मी तो बसवला, आत्याबाईच्या तक्रारी माझ्या आणि वहिनीच्या फोनवर वळवल्या आणि मावशींना विनंती केली, मेनवर एक चिठ्ठी चिकटवा, बंद करू नका म्हणून. त्यांनी मला न विचारता खाली स्वतःचं नावही लिहिलं. काकांना हे सगळं कसं सांगायचं, याची मी मनात जुळवाजुळव करत होते. काकूंचं नाव न घेता सांगायचं होतं, कारण स्विच त्यांनीच खाली केला होता आणि ते कळलं तर त्या बिचाऱ्या पुढच्या वेळी घराबाहेर पाऊल टाकणार नाहीत.

ऊन उतरायला लागलं तेव्हा जावयांच्या नंबरवरून फोन आला. मी पाठ ताठ करून उचलला.

"अगं, मुलगी झाली!" काकांचा आवाज. मागे कोणीतरी हसत होतं. "ऐकतेयस ना? हे जावई फोन धरून उभे आहेत माझ्या कानाशी. माझे हात नाहीत मोकळे. हिला घेतलंय मी. हिच्या आईनेच दिली. म्हणाली, बाबा, आधी तुम्ही घ्या."

"कशी आहे?"

"लाल आहे. रागावलेली आहे. आजीवर गेलीय." मग आवाज जरा उतरला, जुना, ओळखीचा झाला. "बरं, तिकडे सगळं..."

मी सांगायला लागणार, तेवढ्यात पलीकडे एक बारीक, चिरका आवाज आला, रडण्याच्या आधी येतो तसा.

"एक मिनिट," काका मला म्हणाले.

मी थांबले. फोन चालूच होता. काका तिच्याशी काहीतरी बोलत होते, मला शब्द कळत नव्हते, आणि ती रडत होती, मग कमी रडत होती. वहिनी दारात येऊन खुणेने विचारत होती, काय म्हणतायत? मीही तिला खुणेनेच सांगितलं, गप्प.

बऱ्याच वेळाने जावई फोनवर आले. "हॅलो? बाबा विसरले बहुतेक. त्यांना देऊ का परत?"

"नको," मी म्हटलं. "राहू दे."